नवव्या कृषिमंत्र्यांना, फवारणीच्या वहीतून

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ‘सदर बाब तत्कालीन मंत्री महोदयांच्या कार्यकाळातील आहे’ या उत्तराबद्दल.

साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पोस्टमन थेट बागेत आला. हातात सरकारी पाकीट होतं, माझ्या अर्जाचं उत्तर. अर्ज डिसेंबर २०२१चा, विम्यासाठी पाऊस मोजणाऱ्या केंद्राबद्दलचा. चार वर्षांनी का होईना उत्तर आलं म्हणून आधी बरंच वाटलं. हात धुतले, पदराला पुसले आणि पाकीट फोडलं. आत अडीच ओळी होत्या. सदर बाब तत्कालीन मा. मंत्री महोदयांच्या बैठकीशी संबंधित असून त्या बैठकीचे इतिवृत्त या कार्यालयात उपलब्ध नाही, तरी आपण नव्याने अर्ज करावा.

तर हा नव्यानं अर्ज. या वेळी चार माणसांच्या देखत करते, म्हणजे इतिवृत्त हरवायची भीती नाही.

मी तासगाव तालुक्यातली. सावळज परिसरात आमची सव्वातीन एकर द्राक्षबाग आहे, दोन एकर सुपर सोनाका जातीची आणि बाकी थॉमसन. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज मालकांच्या नावावर आणि फवारणीची वही माझ्या नावावर. मालक हंगामात बेदाणा शेडवर असतात, त्यामुळं बागेतलं बघणं माझ्याकडं आलं ते २०१४च्या ऑक्टोबर छाटणीपासून. निर्यातीला माल द्यायचा तर नोंदी लागतात म्हणून वही घातली. निर्यात दोनच वर्षं झाली, वही राहिली. छाटणीपासून कितवा दिवस, कुठलं औषध, किती पाण्याला किती, त्या दिवशी ऊन होतं की ढग, सगळं लिहिलेलं असतं. शेवटच्या पानावर फोन नंबर. ब्लोअरवाला, काडी तपासणारी लॅब, विरळणीच्या बायकांची मुकादम, आणि कृषिमंत्र्यांचं कार्यालय.

त्या शेवटच्या पानावरच हे पत्र सुचलं. कारण ब्लोअरवाल्याचा नंबर अकरा वर्षांत एकदा बदलला. कृषिमंत्र्यांच्या नावावर मात्र आठ वेळा काट मारली आहे.

२०१४च्या अखेरीला एकनाथ खडसे होते, महसूल सांभाळून कृषी. जून २०१६ला त्यांनी राजीनामा दिला. मग पांडुरंग फुंडकर आले. ते मे २०१८ला पदावर असतानाच वारले, त्याला कोण काय करणार. त्यांच्यानंतर वर्षभर चंद्रकांत पाटील, तेही दुसरी मोठी खाती सांभाळून. जून २०१९ला अनिल बोंडे आले आणि नोव्हेंबरात सरकारच गेलं. मग दादा भुसे, २०२२च्या जूनपर्यंत. मग अब्दुल सत्तार, साधारण वर्षभर. जुलै २०२३पासून निवडणुकीपर्यंत धनंजय मुंडे. डिसेंबर २०२४ला माणिकराव कोकाटे. आणि जुलै २०२५च्या अखेरीस तुम्ही. मधल्या थोड्या दिवसांच्या हंगामी सोयी मी मोजल्या नाहीत, तरी तुम्ही नववे.

दरवर्षी १ जुलैला कृषी दिन असतो. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार घालतात, पंचायत समितीत आम्हाला शाल आणि नारळ मिळतो. नाईक साहेब एकटे अकरा वर्षं मुख्यमंत्री होते. आम्ही अकरा वर्षांत नऊ कृषिमंत्री बघितले. हार घालताना हा हिशेब कुणाच्या मनात येतो का, मला माहीत नाही. माझ्या येतो.

द्राक्षाचं तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून लिहिते. फेब्रुवारीत डॉगरीजची, म्हणजे कलमाच्या खुंटाची, रोपं लावायची, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम भरायचं, पुढच्या वर्षी खोड आणि ओलांडे, म्हणजे तारेवरचे आडवे फाटे, तयार करायचे, आणि त्या ऑक्टोबरात पहिली फळछाटणी. माल उतरेपर्यंत लागणीला दोन वर्षं होतात. तुमच्या आधीच्या आठ जणांत एवढा काळ या खात्यावर राहिलेले एकटे दादा भुसे. बाकी कुणाच्याही कारकिर्दीत लावलेल्या बागेचा पहिला घड त्यांना कृषिमंत्री म्हणून बघायला मिळालेला नाही. बँक आम्हाला बागेसाठी कर्ज देते तेव्हा सात-सात वर्षांचे हप्ते पाडते. ज्या खात्याच्या भरवशावर हे चालायचं, त्याच्या प्रमुखाला पुढच्या खरिपाची खात्री नसते.

आमच्या जिल्ह्याकडंही हे खातं येऊन गेलं आहे, राज्यमंत्री म्हणून. वाळवा तालुक्यातले सदाभाऊ खोत २०१६ ते २०१९ होते. ऊसदराच्या रस्त्यावरच्या आंदोलनातून वर आलेला माणूस, त्यामुळं इकडं तेव्हा लोकांनी फटाके उडवले होते. त्यानंतर कडेगावचे विश्वजित कदम. घरचा माणूस आत आहे म्हणून आम्हीच थोडे सुस्तावलो, तो दोष आमचा. पण तेव्हाही मुख्य खुर्चीवरची माणसं बदलतच होती.

खातेवाटपाच्या बातम्या मी आवडीनं वाचते. गृह कुणाला, अर्थ कुणाला, नगरविकास कुणाला, महसुलावरून कोण रुसलं, कोण गावाकडं निघून गेलं. कृषी मिळालं नाही म्हणून रुसलेला माणूस मी अजून ऐकला नाही. तुमच्या आधीच्या मंत्र्यांनी तर या खात्याला ओसाड गावची पाटीलकी म्हटल्याचं पेपरात आलं होतं. तो शब्द वाचला त्या दिवशी मी बागेत शेंडा मारत होते. पाटलाला ओसाड दिसलेल्या त्या गावात आम्ही राहतो साहेब, तिथंच दळण दळतो. पुढं सभागृहातल्या मोबाइलवरच्या पत्त्यांचा वाद झाला. आपण खेळत नव्हतो असं त्यांनी सांगितलं, खरंखोटं देव जाणे. पण त्यावर उपाय काय निघाला? त्यांचं कृषी तुमच्याकडं आणि तुमचं क्रीडा त्यांच्याकडं. क्रीडा आणि कृषी, दोन्ही ‘क’च. आम्हाला वाटलं, पत्ते पुन्हा पिसले.

आता माझ्या अर्जाचं.

२०२१च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस झाला, तुम्हाला आठवत असेल. आमची सोनाका तेव्हा फुलोऱ्यात होती. दोन दिवस वेल निथळला नाही. घडकूज झाली, मणीगळ झाली, सरीतून पाणी वाहत होतं ते मी फोटो काढून ठेवलं. हवामानावर आधारित फळपीक विमा भरलेला होता. पण भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर, आणि ते केंद्र आमच्या बागेपासून अकरा किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिथं ट्रिगर बसला नाही, म्हणजे भरपाईला लागतो तेवढा पाऊस नोंदला गेला नाही. विमा कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, मॅडम, तुमच्याकडं पाऊस झालाच नाही. मी म्हटलं, मग मी उभी आहे तो चिखल कसला?

अर्ज केला तो एवढ्यासाठीच की हे केंद्र ज्या बागांचा निकाल लावतं त्यांच्यापासून किती लांब असावं, त्याच्याभोवती झाड-इमारत किती असावी, हे एकदा कुणीतरी तपासावं आणि आमच्या भागाला दुसरं केंद्र द्यावं. पैसे मागितले नव्हते. पाऊस मोजा म्हटलं होतं. अर्जावर बैठक झाली, आश्वासन मिळालं, मग सरकार बदललं. दुसऱ्या मंत्र्यांच्या वेळी स्मरणपत्र दिलं. तिसऱ्यांच्या वेळी शिष्टमंडळासोबत जाऊन हातात दिलं, तिथं कुणीतरी फोटोही काढला. चौथ्यांच्या वेळी पोर्टलवर टाकलं. आणि तुमच्या वेळी उत्तर आलं की नव्यानं अर्ज करा. एका अर्जानं पाच कृषिमंत्री बघितले. त्याचं वय आता आमच्या शेजारच्या बालवाडीतल्या पोराएवढं आहे.

हे झालं जुनं. यंदाचं दुखणं त्याहून मोठं आहे, आणि त्याच्यावर तर अजून सरकारी भाषेत शब्दच नाही.

२०२५ला मे महिन्यातच पाऊस लागला. वळीव म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही, पण तो उघडेचना, आणि मोसमी पाऊसही मेअखेरीलाच येऊन ठेपला. आमची खरड छाटणी, म्हणजे काडी तयार करायची उन्हाळी छाटणी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाली होती. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड घडत असतो. बाहेरून काही दिसत नाही, पोटातलं पोर जसं. त्या दिवसांत ऊन लागतं. ऊन मिळालं नाही, रान सारखं ओलं राहिलं आणि वेल नुसता शेंड्यानं पळायला लागला, की डोळ्यात घडाची बाळी होते, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा. आम्ही म्हणतो घड जिरला. माझ्या वहीत त्या दिवसांच्या उजव्या रकान्यात ओळीनं एकच शब्द आहे : ढग, ढग, ढग, पाऊस, ढग. घड धरावा म्हणून सिक्स बीए मारलं, युरासिल मारलं, काडीचा शेंडा मोडून सबकेन केली, खालचं पाणी तोडलं. वरचं कोण तोडणार?

सप्टेंबरात काड्या लॅबला दिल्या. एरवी आमच्या थॉमसनला शंभर डोळ्यांत साठाच्या खाली घड कधी येत नाहीत. या वेळी अठरा आले. लॅबवाल्या पोरानं कागद देताना माझ्याकडं बघितलं नाही.

तरी ऑक्टोबरात छाटणी घेतली. न घेऊन सांगता कुणाला, वेल तर जगवायलाच लागतो. मजूर, डोळे फोडायची पेस्ट, शेणखत, डाऊनी रोगाच्या फवारण्या, सगळं एखाद्या भरलेल्या बागेसारखंच झालं. फुटी निघाल्या त्या हिरव्याकंच, बोटाएवढ्या जाड. वेलीमागं चार-पाच घड, तेही गोळी, म्हणजे अर्धवट घडलेले. माणिक चमन जातीची बाग असलेल्या शेजाऱ्यांचं आमच्यापेक्षा वाईट. एकानं तर दिवाळीच्या आत बागेला कुऱ्हाड लावली, अँगल-तार भंगारात दिली.

मग पंचनामा आला. तिघं आले. एक ग्राम महसूल अधिकारी, एक ग्रामपंचायत अधिकारी, एक सहायक कृषी अधिकारी. म्हणजे आपले तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. गेल्या दीड-दोन वर्षांत सरकारनं तिघांचीही नावं बदलली. पंचनाम्याचा नमुना तेवढा जुनाच राहिला.

एक जण म्हणाले, ताई, बाग तर झकास आहे की. मी म्हटलं, घड दाखवा. ते दोन ओळी फिरून आले. माणसं वाईट नव्हती, खरं सांगते, त्यांचंही तोंड उतरलं होतं. पण त्यांच्या कागदात नुकसान म्हणजे आलेल्या पिकाचं नुकसान. घड येऊन कुजला असता, गळला असता, गारपिटीनं फुटला असता तर टक्केवारी काढता आली असती. ३३ टक्क्यांच्या वर गेलं असतं तर मदतही बसली असती. घड आलाच नाही तर कशाचे टक्के काढायचे? त्यांनी निरंक लिहिलं आणि माझी सही घेतली.

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जल्मलंच न्हाई, त्याचं सुतक कसं धरायचं, असं म्हन्त्यात व्हय त्ये?”

यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही.

आता समजा, निरंक लिहिलं नसतं. ऑक्टोबर २०२५च्या पॅकेजात बागायती फळपिकाला रब्बीचे दहा हजार धरून हेक्टरी ३२,५०० रुपये जाहीर झाले, मर्यादा तीन हेक्टर. एकराला धरलं तर तेरा हजार. माझ्या वहीत या वर्षीचा एकरी खर्च आत्तापर्यंत दोन लाख चाळीस हजार लिहिलेला आहे, आणि हंगाम संपलेला नाही. तेरा हजारांत पेस्टिंग आणि त्याची मजुरी निघते. मिळाले असते तर नाही म्हटलं नसतं, पण तेवढ्यावर बाग उभी राहत नाही हे तुम्हालाही दिसतं. तुम्ही इंदापूरचे, तुमच्याकडंही द्राक्षं आहेत.

प्लास्टिक आच्छादनाचा मार्ग आहे, त्यानं फुलोऱ्यातल्या पावसापासून तरी वाचता येतं. मी कोटेशन काढलं, एकरी साडेचार लाखांच्या पुढं गेलं. अनुदान प्रायोगिक आहे म्हणतात. प्रयोग कुणाच्या बागेत चाललाय, निष्कर्ष काय निघाला, आमच्या गावात कुणाला सांगता आलं नाही.

पीकविम्याचंही तेच. एक रुपयातला विमा २०२३च्या खरिपाला आला आणि २०२५च्या खरिपाला गेला. बोगस अर्ज सापडले म्हणून योजना बदलली, ते समजू शकते, चोराला धरलाच पाहिजे. पण त्याबरोबर स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, पेरणीच झाली नाही तर मिळणारी भरपाई, हेही सगळं काढून फक्त पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर आणून ठेवलं. भाऊजींचं दीड एकर सोयाबीन ओढ्याकाठी आहे. ओढा फक्त ओढ्याकाठच्यांचंच नेतो, मंडळाची सरासरी नेत नाही. आता त्यांनी दोन टक्के हप्ता भरून करायचं काय? चोर पकडायला गेलेल्यांनी घरमालकाचंच दार काढून नेलं.

लिंकिंगबद्दल, म्हणजे खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारण्याबद्दल, लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्यावर लिहून लिहून लोकांची शाई संपली. पण ऑक्टोबरात युरिया आणायला मीच गेले होते. ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे, ती केंद्र सरकार ठरवतं, गोणीवर छापलेली असते. दुकानदार म्हणाला, गोणी आहे, पण सोबत ही बाटली घ्यायला लागेल. बाटली गोणीपेक्षा महाग. मी म्हटलं, बिलात लिहा, लिंकिंग. तो हसला आणि म्हणाला, वहिनी, वरून कंपनीनंच आमच्या गळ्यात मारलंय, आम्ही कुणाच्या मारू? मला त्याचाही राग आला नाही. फोन लावला त्या कार्यालयात सांगितलं की लेखी तक्रार द्या, बिल जोडा. बिलात लिंकिंग कधी लिहितात का कुणी? शेवटी बाटली घेतली. ती फडताळात आहे, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जावी.

आणखी एक अडचण आहे जी तुमच्या हातात पूर्ण नाही, पण सांगते. द्राक्ष कुणाचं? तुमचं खातं कृषी. फलोत्पादन मात्र रोजगार हमीच्या मंत्र्यांकडं. बेदाण्याचे सौदे पणन मंत्र्यांकडं. म्हैसाळ-टेंभू योजनांचं पाणी जलसंपदेकडं, मोटारीची वीज ऊर्जा खात्याकडं. आमच्या एका वेलीवर पाच मंत्री आहेत आणि तो वेल वांझ निघाला तर पंचनाम्याला यातलं कुणी नाही. बेदाण्याच्या सौद्यात उधळण होते, बोलीच्या वेळी मूठमूठ माल जमिनीवर जातो तो शेतकऱ्याच्या वजनातून. त्यावर विचारलं की उत्तर मिळतं, ते पणनचं. तुम्ही पणनला सांगू शकत नाही का? मंत्रिमंडळाची बैठक तर एकाच टेबलाभोवती असते ना?

कर्जमाफीबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. ३० जून २०२६पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारनं सांगितलं आहे. तो शब्द मुख्यमंत्र्यांचा आहे, तुमच्याकडून त्याची पावती मागणं बरं नव्हे.

तुमच्या कारकिर्दीविषयी मला वैयक्तिक काही म्हणायचं नाही. ग्रामीण भागातून, सहकारातून वर आलात, लोक तुम्हाला मामा म्हणतात, म्हणजे दारात गेलं तर पाणी मिळेल एवढा विश्वास आहे. माझा प्रश्न खुर्चीचा आहे. केंद्रात २००४ ते २०१४ सलग दहा वर्षं एकच कृषिमंत्री होते, शरद पवार. त्यांचं काही पटलं, काही पटलं नाही, इकडं तर घराघरांत त्यावरून दोन तट आहेत. पण कांदा कोसळला किंवा साखर अडली तर बोट कुणाकडं दाखवायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं. आमच्या राज्यात गेल्या अकरा वर्षांत बोट उचलेपर्यंत समोरचा माणूस बदललेला असतो. नवा माणूस म्हणतो, मी आत्ताच आलोय, माहिती घेतो. जुना म्हणतो, आता ते खातं माझ्याकडं नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. खोटी ठरते ती माझी चार वर्षांची पोहोचपावती.

म्हणून मागण्या. फार नाहीत, आणि बहुतेकांना पैसेही लागत नाहीत.

पंचनाम्याच्या नमुन्यात एक ओळ वाढवा : घड न येणे, किंवा घड जिरणे. त्याला पुरावा म्हणून सप्टेंबरातला काडी तपासणीचा अहवाल धरा. खासगी लॅबवर विश्वास नसेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला आणि राहुरीच्या विद्यापीठाला पद्धत ठरवू द्या, किती काड्या, कुठल्या भागातल्या, किती डोळे. राहुरीचं संशोधन केंद्र आमच्या जिल्ह्यात कसबे डिग्रजला आहेच, तिथं हळदीबरोबर द्राक्षाच्या काड्या तपासायची सोय करा. बागायतदार तपासणीचे पैसे भरतील, आजही भरतोच. आणि यंदा ज्यांच्या बागेवर निरंक लिहिलं त्यांच्याकडचे अहवाल मागवून फेरपंचनामा करा.

फळपीक विम्याच्या हवामान केंद्रांची जागा तपासा आणि यादी गावात लावा : केंद्र कुठं आहे, कधी बंद होतं, त्या दिवशी किती नोंद झाली. ग्रामपंचायतीगणिक केंद्र बसवायचं बोललं जातंय, तर द्राक्षाच्या मंडळांपासून सुरुवात करा. खरिपाच्या विम्यात निदान स्थानिक आपत्ती परत घ्या.

लिंकिंगची तक्रार करायला बिलाची अट काढा. तुमच्या खात्याचा माणूस साध्या कपड्यांत दुकानात पाठवा, पहिल्याच दिवशी अर्धा डझन बाटल्या मिळतील. आणि दुकानदारावर थांबू नका, त्याच्या गळ्यात मारणाऱ्या कंपनीपर्यंत जा. सहायक कृषी अधिकाऱ्याकडं आज चार-चार गावं आहेत, त्यात ॲपवरच्या नोंदी त्यालाच. नाव बदलून दिलंत तसा एखादा माणूसही वाढवून द्या.

आणि शेवटची, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. खातं सोडताना जाणाऱ्या मंत्र्यानं येणाऱ्याला एक लेखी यादी द्यावी आणि ती खात्याच्या संकेतस्थळावर टाकावी. कुठल्या बैठकीत काय कबूल केलं, कुठली फाइल कुठं थांबली, कुठली योजना किती दिवसांची. आमच्याकडं बाग वाट्यानं द्यायची झाली तरी जुना वाटेकरी नव्याला सांगून जातो, ही ओळ कमजोर आहे, त्या कोपऱ्यात व्हॉल्व्ह गळतो. न सांगता गेलेल्याला गावात पुन्हा कुणी बाग देत नाही. यादी करायची सुरुवात तुमच्यापासून करा, मागच्या आठ जणांची जमेल तेवढी गोळा करून. माझा अर्ज त्यात कितव्या नंबरला येतो तेवढं कळवा. मुख्यमंत्र्यांना आणि तुमच्या पक्षालाही या पत्राची प्रत पाठवते आहे, त्यांच्याकडं मागणं एकच : निदान दोन ऑक्टोबर छाटण्या होईपर्यंत या खुर्चीवरचा माणूस हलवू नका.

माझं सांगायचं तर, येती खरड छाटणी मी १० एप्रिलला धरली आहे. थॉमसनचा सव्वा एकर ठेवायचा की काढायचा हे त्याच्या आत ठरवायचं आहे. मालक म्हणतात काढू, सासरे गप्प आहेत, जेसीबीवाला दर सांगून गेलाय. फेरपंचनाम्याचं किंवा नमुन्याचं काही होणार असेल तर मार्चअखेरपर्यंत कळलं तर बरं. नवीन वही आणली आहे, पण शेवटचं पान अजून कोरं ठेवलंय.

पाकिटावर तुमचं नाव लिहिलेलं नाही, नुसतं ‘मा. कृषिमंत्री’ असं आहे. पोस्टातली मुलगी म्हणाली, नाव घाला की वहिनी, बरं दिसतं. मी म्हटलं, राहू दे, तासगावहून मुंबईला जायला त्याला चार दिवस लागतील.

आपली,
सावळज परिसरातली एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली